गावातली जुनी दफनभूमी कागदावर समाजाच्या हाती कशी आणायची

2021 च्या जून महिन्यात आमच्या गावात एका आजींची माती होती. सकाळी खड्डा घ्यायला गेलेली पोरं अर्ध्या तासात परत आली आणि म्हणाली, ओढ्याकडच्या बाजूनं नांगर फिरलाय. जाऊन पाहिलं तर शेवटच्या ओळीतला नंदी कोरलेला दगड आडवा पडला होता आणि त्याच्या बुडाशी ओल्या काळ्या मातीत फाळाची ताजी रेघ होती. शेजारचा शेतकरी काही परका नव्हता. मातीला तोही आला होता. तो सरळ म्हणाला, "सातबारा आमच्या नावावर आहे, काका. इथपर्यंत तुमचं आहे असं मला कुणी सांगितलंच नाही."

सातबारा खरंच त्याच्या नावावर होता.

आमचा समाज लिंगायत. मयताला बसवून, हातात इष्टलिंग देऊन, विभूती आणि बेल वाहून आम्ही माती देतो. मराठवाड्यातल्या आमच्या गावात हे काम त्या ओढ्याकाठच्या तुकड्यात किती पिढ्या चाललंय ते कुणालाच सांगता येत नाही. पण कागदावर ती दफनभूमी कुठेच नव्हती. ती कागदावर आणायला आम्हाला तीन वर्षं लागली, आणि त्यातलं पहिलं वर्ष निव्वळ चुकीच्या दारात उभं राहण्यात गेलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय.

लिंगायत, नाथपंथी, गोसावी, महानुभाव, ख्रिस्ती, भटक्या जमाती अशा ज्या समाजांची गावात जुनी दफनभूमी आहे आणि तिची देखभाल तेच करतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वक्फ मंडळाकडे नोंदलेल्या कब्रस्तानांना वेगळा कायदा लागतो, त्यामुळे तो विषय इथे घेतलेला नाही.

1. "मालकी" हा शब्द अर्जात लिहिण्याआधी थांबा

आमच्या पहिल्या अर्जाचा विषय होता, "दफनभूमीचा मालकी हक्क समाजास मिळणेबाबत". हीच आमची सगळ्यात मोठी चूक.

आपण बोलताना मालकी म्हणतो तेव्हा मनात तीन वेगळ्या गोष्टी असतात. जमीन कुणाच्या नावावर आहे ही एक, ती कशासाठी राखून ठेवली आहे ही दुसरी, आणि तिथली व्यवस्था कोण पाहतो ही तिसरी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 20 प्रमाणे ज्या जमिनीवर कुणाचा कायदेशीर हक्क नाही ती सरकारची. त्याच कायद्याचं कलम 22 जिल्हाधिकाऱ्यांना अशी सरकारी जमीन दफन किंवा दहनासाठी राखून ठेवण्याचा अधिकार देतं, आणि एकदा राखून ठेवली की त्यांच्या मंजुरीशिवाय ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. समाजाला खरी गरज याच संरक्षणाची असते.

सरकारी जमीन संस्थेच्या नावावर थेट मागितली तर प्रस्ताव जमीन विल्हेवाट नियमांखाली जातो. मग किमतीचा प्रश्न येतो, वरच्या मंजुऱ्या येतात आणि फाईल वर्षानुवर्षं फिरत राहते. शेवटी मिळाली तरी बहुधा भोगवटादार वर्ग 2 म्हणून, म्हणजे परवानगीशिवाय विकता येणार नाही अशा अटी घालून मिळते. म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे: जमीन सरकारी असेल तर नाव सरकारचंच राहू द्या, राखीव नोंद "दफनभूमी" अशी करून घ्या, ताबा ग्रामपंचायतीकडे आणि देखभाल लेखी कराराने समाजाच्या नोंदणीकृत संस्थेकडे घ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच वाटेवरच्या आहेत. जमीन खासगी असेल तेव्हा वाट बदलते, ते पाचव्या पायरीत येईल.

2. आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते शोधा

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाकून सातबारा पाहता येतो. नुसता पाहू नका, 15 रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढा, कारण अर्जाला तोच चालतो. आठ-अ, म्हणजे एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा, तोही काढा. मग महाभूनकाशा या नकाशांच्या संकेतस्थळावर गटाची आकृती पाहा आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन ओढा, रस्ता, विहीर यांच्याशी ताडून बघा. आम्ही सहा महिने शेजारच्या दुसऱ्याच गटाचे उतारे गोळा करत होतो.

सातबारावर साधारण यांपैकी काहीतरी सापडेल:

"सरकार" किंवा "गायरान". गायरानाला हात लावताना फार जपून. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींबद्दल निकाल दिला, तेव्हापासून गायरानाचा वापर बदलण्याबाबत महसूल खातं कडक आहे. तुमची दफनभूमी गायरानाच्या आत असेल तर "ही जागा आधीपासून दफनासाठीच वापरात आहे" हे जुन्या कागदांनी दाखवावं लागतं. नवी जागा मागताय असा वास अर्जाला येता कामा नये.

"ग्रामपंचायत" किंवा गावठाण. हे सगळ्यात सोपं. ठराव आणि करार यांवर बरंचसं काम होतं.

खासगी नाव. इथे घाबरून जाऊ नका, क्षेत्राचा रकाना वाचा. "पोटखराब" असं लिहिलेलं असेल आणि त्यात वर्ग "ब" असेल तर तुमच्या हातात मोठा धागा आहे. वर्ग अ म्हणजे खडकाळ, नाल्याची, पिकाला नालायक जमीन. वर्ग ब म्हणजे रस्ता, पाणवठा, स्मशान, दफनभूमी अशा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढलेली जमीन. ती मालकाच्या गटात मोजली जाते, तिला आकार म्हणजे शेतसारा लागत नाही, आणि ती त्याने कसायची नसते. आमचे 32 गुंठे असेच दुसऱ्याच्या गटाच्या पोटात होते.

"देवस्थान इनाम". वर्ग 3 ची इनाम जमीन विकता किंवा देऊन टाकता येत नाही. इथे वकिलाशिवाय पुढे जाऊ नका.

"वन". आदिवासी गावांत अनेकदा असं असतं. तिथे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा दावा हा मार्ग आहे, आणि सुरुवात गावाच्या वनहक्क समितीपासून होते.

ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला नाव लागलं म्हणजे जमीन आपली झाली, असं बरेच जण समजतात. ते चूक आहे. नमुना 8 हा कर आकारणीचा कागद आहे.

3. जुने कागद काढा: खरी लढाई इथेच जिंकली जाते

आजचा सातबारा म्हणजे शंभर वर्षांच्या कागदांतला शेवटचा. चूक कधी शिरली ते सापडलं की अर्ध काम झालं. म्हणून उलटं मागे जायचं: आजचा सातबारा, त्याच्याआधीचा हस्तलिखित सातबारा, प्रत्येक फेरफार (सातबारावर झालेल्या बदलाची नोंद), एकत्रीकरण योजनेचा उतारा, मग जुना सर्वे नंबर आणि त्याचे कागद.

एकत्रीकरणाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक दफनभूम्या तिथेच हरवल्या. 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव योजना राबवली गेली आणि सर्वे नंबरांचे गट झाले. आमच्या दफनभूमीला तोवर सर्वे नंबरात स्वतंत्र हिस्सा होता. गट पाडताना तो शेजारच्या जमिनीत घातला गेला, "पोटखराब" म्हणून क्षेत्र शिल्लक राहिलं आणि "दफन" हा शब्द गळाला. पुढे सातबारा संगणकावर चढवताना पोटखराबाचा वर्गही गळाला. कुणी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. दोन वेळा उतरवून घेताना एकेक शब्द सांडला, एवढंच.

कुठला कागद कुठे मिळतो:

- जुने सातबारा, फेरफार: तलाठी कार्यालय आणि तहसीलचा अभिलेख कक्ष. (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गाव अजून तलाठीच म्हणतं.) बरेच स्कॅन केलेले जुने अभिलेख ऑनलाइनही मिळतात.
- एकत्रीकरण योजनेचे उतारे, आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीची यादी), टिपण आणि गुणाकार बुक (जुन्या मोजणीचे कागद), गाव नकाशा: तालुक्याचं उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालय.
- मराठवाड्यात 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे तेव्हाची जमिनीची नोंद. आमच्या गावाच्या खासरा पत्रकात त्या हिश्श्यापुढे "मसणवटा" असं स्पष्ट लिहिलेलं निघालं. पश्चिम महाराष्ट्रात याच कामासाठी कडई पत्रक बघतात.
- गाव नमुना 1 ब, म्हणजे सरकारी जमिनींची नोंदवही. विदर्भात निस्तार पत्रक जरूर पाहा, गावाच्या सामाईक वहिवाटी त्यात लिहिलेल्या असतात.
- त्याहून जुनं काही हवं असेल तर पुराभिलेख संचालनालयाची कार्यालयं. पुण्याचं पेशवे दप्तर त्यांच्याकडेच आहे.

जुन्या कागदांतले शब्द ओळखायला शिका. मसणवटा, मसणवाट, थडगी, समाधीची जागा, प्रेतभूमी असं काहीही लिहिलेलं असेल. निजामकाळातला उर्दू कागद असेल तर "कब्रस्तान" असंही सापडतं, कारण लिहिणाऱ्यासाठी पुरण्याची कुठलीही जागा म्हणजे कब्रस्तान. हा शब्द दिसला म्हणून दोन समाजांत वाद उभा करू नका, आणि दुसऱ्या कुणाला करूही देऊ नका. जागेवर दोन्ही समाजांच्या वडीलधाऱ्यांना एकत्र न्या, कुणाच्या समाध्या कुठे आहेत ते त्यांना पक्कं माहीत असतं.

कागद "सापडत नाही" असं तोंडी उत्तर आलं तर माहिती अधिकारात मागा. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, हे विसरलात तर परत येतो. "खासरा पाहणी पत्रक 1954-55, मौजे अमुक, सर्वे नंबर तमुक, प्रमाणित प्रत" एवढंच लिहा. आमचा पहिला अर्ज दीड पानी होता, त्यात आम्ही आमची सगळी व्यथा मांडली होती. तो निकाली निघाला.

4. दगडांची नोंद करा, साफसफाईच्या आधी

जागा मिळवायच्या उत्साहात पोरं आधी जेसीबी आणतात. कृपा करून असं करू नका. झुडपं हातानं, विळ्या-खुरप्यानं काढा. कारण जमिनीवरच्या समाध्या हाच वहिवाटीचा सगळ्यात बोलका पुरावा आहे, आणि त्या हलल्या की तो गेला.

प्रत्येक समाधीला कागदावर नंबर द्या. चारी बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी, मोबाईलवरचं अक्षांश-रेखांश. कोरीव काय आहे ते लिहा: नंदी, लिंग, पादुका, चंद्र-सूर्य. अक्षरं असतील तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो घ्या, दुपारी दिसत नाहीत अशी अक्षरं तेव्हा उठून येतात. आमच्या एका दगडावर बारा वर्षं मी हात ठेवून नमस्कार केला होता, त्यावर मोडीत एक ओळ आहे हे मला त्या संध्याकाळी कळलं.

दगडांना ऑइलपेंट लावू नका, सिमेंटने बुजवू नका, चुन्याने रंगवू नका. वीरगळ किंवा सतीशिळा आढळल्या तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पत्र लिहून कळवा, पोच जपून ठेवा. जवळपास केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्यापासून 100 मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. कुंपणाची भिंतही त्यात येते.

5. बरोबर अधिकाऱ्याकडे बरोबर अर्ज करा

आधी मोजणी. हद्द कायम मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात करायचा. जमीन खासगी गटात असेल तर अर्ज धारकाचाच लागतो, म्हणून शेजाऱ्याशी संबंध तोडू नका. आमच्या शेजाऱ्याने अर्जावर सही केली तो दिवस मला सगळ्यात मोठा वाटतो. मोजणीच्या दिवशी लगतचे सगळे खातेदार हजर ठेवा, मोजणीदाराला जुन्या समाध्यांची ओळ दाखवा, ती नकाशात वहिवाट म्हणून येऊ द्या. शेवटी जो नकाशा मिळतो त्याला "क प्रत" म्हणतात. पुढच्या प्रत्येक अर्जाला ती लागते.

आता दार कुठलं ते बघा.

उतारा नकलून घेताना झालेली चूक असेल, म्हणजे जुन्या हस्तलिखित सातबारावर नोंद आहे आणि संगणकीकृतवर नाही, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे लेखनप्रमादाची दुरुस्ती.

चूक एकत्रीकरण योजनेतच असेल तर ती तहसीलदारांच्या अधिकारात येत नाही, भूमी अभिलेख खात्याकडेच जावं लागतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. तहसीलला दिलेला अर्ज आठ महिने या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि "कार्यकक्षेत येत नाही" असा शेरा घेऊन परत आला. त्या एका वाक्यासाठी आठ महिने.

जमीन "सरकार" नावावर आहे पण तुमच्याकडे स्वतःच्या हक्काचा जुना दस्त, सनद वगैरे आहे, तर कलम 20(2) खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे चौकशी मागता येते. निकाल विरुद्ध गेला तर दिवाणी दाव्याला एकच वर्ष असतं. तारीख चुकवू नका.

जमीन सरकारी आहे आणि फक्त राखीव नोंद हवी, तर कलम 22 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे, तहसीलमार्फत.

जमीन खरोखरच खासगी आहे आणि मालक द्यायला तयार आहे, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र. कोऱ्या स्टॅम्पपेपरवरच्या संमतीपत्राला काही अर्थ नाही. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्याही. संस्था शेतकरी नसते, म्हणून तिच्या नावे शेतजमीन घ्यायला कूळ कायद्याची परवानगी लागते आणि तुकडेबंदीही आड येऊ शकते. अशा वेळी बक्षीसपत्र ग्रामपंचायतीच्या नावे करून देखभाल संस्थेकडे ठेवणं बरं पडतं.

6. ग्रामसभेचा ठराव

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या सभांपैकी एक निवडा, पण विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्या. "ऐनवेळच्या विषयांत" झालेल्या ठरावाला पुढे कुणीही बोट लावतं. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ती. बायकांना आवर्जून न्या. आमच्याकडे कुणाची समाधी कुठे हे सासूने सुनेला सांगितलेलं असतं, आणि त्या सभेत एका सुनेने ओळीने अकरा नावं सांगितली, तेव्हा विरोध करणारे गप्प बसले.

ठरावात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, किती काळापासून वापर आहे, कुणाची हरकत आहे की नाही, हे सगळं यायला हवं. "समाजाला जागा देण्यात यावी" एवढाच ठराव कुचकामी आहे.

7. फेरफार धरला का, मंजूर झाला का

आदेश हातात आला की लोक पेढे वाटतात आणि घरी जातात. आदेशाचा अंमल सातबारावर फेरफाराने होतो. तलाठी फेरफार धरतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. हरकत आली तर तक्रारी केस चालते, त्या तारखांना हजर राहा. विरुद्ध निकाल गेला तर जिल्हाधिकाऱ्यांच्या खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर 60 दिवसांत अपील करायचं, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर 90 दिवसांत.

8. संस्था आणि देखभालीचा करार

समाज म्हणजे कायद्याच्या नजरेत कुणीच नसतो. सही करायला संस्था लागते. किमान सात जणांनी घटना लिहून नोंदणी करा आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली धर्मादाय कार्यालयात न्यास नोंदवा. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज, दरवर्षी हिशेब तपासणी. कंटाळवाणं आहे, पण न्यासाच्या मालमत्तेला कलम 36 चं कवच मिळतं. उद्या कुणी विश्वस्त फितूर झाला तरी धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही.

ग्रामपंचायतीशी करार करताना तो हस्तांतरणाचा नसावा, देखभालीचा असावा. कुंपण कोण दुरुस्त करणार, झाडं कोण लावणार, खड्ड्याची जागा कोण ठरवणार, समाजाबाहेरच्या गरिबाच्या मातीला जागा द्यायची का, हे आत्ताच लिहा. आम्ही शेवटच्या मुद्द्यावर दोन बैठका भांडलो आणि "होय" असं लिहिलं.

जिथे समाजच गावातून निघून गेलाय तिथे हा करार आणखी महत्त्वाचा. अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची फार जुनी दफनभूमी आहे. 1948 नंतर त्यांच्यातले बरेच जण इस्रायलला गेले. अशा गावी वंशज दूर आणि दगड इथे, अशी स्थिती असते. विश्वस्तांत किमान दोघे रोज त्या वाटेनं जाणारे गावकरी घ्या.

कुंपण, रस्ता, पाणी यांसाठी जिल्हा वार्षिक योजनेतल्या जनसुविधा अनुदानाची मागणी ग्रामपंचायत करू शकते. जागेचा कागद स्वच्छ असल्याशिवाय तो प्रस्ताव पुढे सरकत नाही.

सोबत ठेवायची फाईल

- डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ
- 1950 च्या दशकापासूनचे सातबारा आणि सगळे फेरफार, प्रमाणित प्रती
- एकत्रीकरणाचा उतारा, आकारबंद, गाव नकाशा
- खासरा पाहणी किंवा कडई पत्रक
- मोजणीची क प्रत
- समाध्यांची यादी आणि फोटो
- सत्तरीपुढच्या किमान पाच जणांची प्रतिज्ञापत्रं, त्यांतले दोघे दुसऱ्या समाजाचे
- ग्रामसभेच्या ठरावाची प्रमाणित नक्कल
- न्यासाचा नोंदणी दाखला आणि पी.टी.आर. (सार्वजनिक न्यास नोंदवही) उतारा
- दिलेल्या प्रत्येक अर्जाची शिक्क्यासह पोच

प्रतिज्ञापत्रं आधी करा, बाकी सगळं नंतर. आम्ही ज्यांच्याकडून घेणार होतो त्यांतले दोघे पहिल्याच वर्षी गेले, आणि त्यांनाही तिथेच माती दिली.

नोंद लागल्यावर दरवर्षी एकदा, आम्ही महाशिवरात्रीच्या आधी, सातबारा काढून ती अजून तिथे आहे का बघतो. हद्दीचे दगड शेजाऱ्याने आणि आम्ही मिळून पुरले, आणि नव्या उताऱ्याची एक प्रत त्याच्या घरीही दिली आहे. नंदीचा दगड त्याच्याच बैलगाडीतून आणून जागेवर उभा केला.